जुनी एमजीबी घ्यायची आहे? आधी गुडघ्यावर बसा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामाचं गॅरेज होतं. मे महिन्याच्या सुट्टीत माझं काम एकच: मामा अ‍ॅम्बॅसेडरच्या बोनेटमध्ये डोकं घालून टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) लावायचा आणि मी टॉर्च धरून उभा राहायचो. हात हलला की ओरडा बसायचा. बऱ्याच वर्षांनी इंग्लंडमध्ये, रीडिंगजवळच्या एका खेड्यात, एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं बोनेट उघडलं तेव्हा मी क्षणभर गप्पच झालो. समोर ओळखीचं इंजिन होतं. अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं आणि हिचं १७९८ सीसीचं, पण घराणं एकच: ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सिरीज’. टॅपेटचा आवाजसुद्धा तोच.

त्या ओढीने मी एक एमजीबी घेतली आणि फसलो. दुसरी घेतली ती गेली सहा वर्षं चालवतोय. नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आलेले बरेच मराठी लोक मला विचारतात, की परवडेल अशी आणि रोज नाही तरी दर रविवारी चालवता येईल अशी जुनी स्पोर्ट्स कार मिळते का? अजून मिळते. पण दरवर्षी कमी मिळते, आणि घाई करणाऱ्याला हमखास चुकीची मिळते.

१. स्वस्त गाड्या गेल्या कुठे, हे आधी समजून घ्या

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेला गेल्या. एवढ्या बनल्या तर टंचाई कशी, असं वाटेल. गोम अशी आहे, की मधली गाडी नाहीशी होतेय. एका टोकाला पूर्ण नव्याने बांधलेल्या, प्रदर्शनात मिरवणाऱ्या महाग गाड्या. दुसऱ्या टोकाला शेडमध्ये सडणारे सांगाडे. या दोघींच्या मधली, थोडी ओरखडलेली पण धडधाकट, किल्ली फिरवली की निघणारी गाडी कमी होत चालली आहे.

कारण साधं हिशेबाचं आहे. मधल्या गाडीचा तळ गंजला की वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. मग मालक तिचे भाग सुटे करून विकतो, आणि त्या भागांवर एखादी महागडी गाडी सजते. काळ्या रबरी बंपरच्या कितीतरी जीटी (पक्क्या टपाच्या एमजीबी) अशाच संपल्या. नव्या पिढीच्या गाड्यांनाही हे चुकलेलं नाही. २००९ च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने भंगार योजना आणली: दहा वर्षांहून जुनी गाडी द्या, नवीवर २,००० पौंड सूट घ्या. साधारण वर्षभरात जवळजवळ चार लाख गाड्या मोडीत गेल्या. आज ज्यांच्यासाठी लोक रांगा लावतील अशा कितीतरी चालत्या गाड्या त्यात होत्या.

म्हणून तुम्ही शोधायची ती ही मधली गाडी. तिला शोकेसमध्ये ठेवणारे आणि तिचे तुकडे करणारे बरेच आहेत, चालवणारे हवे आहेत.

२. गाडीच्या आधी परवाना आणि विमा

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. पुढे इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, कारण भारतीय परवाना थेट बदलून मिळत नाही. इथे एक सापळा आहे. आपले पुष्कळ लोक सोपं पडतं म्हणून ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा देतात. तसं केलंत तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो आणि जवळपास प्रत्येक एमजीबी हातगिअरची आहे. परीक्षा हातगिअरवरच द्या.

विम्याचं कोटेशन गाडी बघायला जाण्याआधी घ्या. जुन्या गाड्यांचा वेगळा विमा असतो. वर्षाला ठरावीक मैल, रात्री गॅरेज किंवा घरासमोरची खासगी जागा, आणि बहुतेकदा घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असावी, अशा अटी असतात. भारतातला ‘नो क्लेम’ सहसा धरत नाहीत. ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ प्रकारचाच विमा घ्या, म्हणजे गाडीची किंमत आधी फोटोंसह ठरवून ठेवलेली असते. नाहीतर अपघातानंतर कंपनी ‘पन्नास वर्षांची जुनी गाडी’ म्हणून किंमत लावते.

३. कुठली एमजीबी घ्यायची

उघड्या टपाची रोडस्टर १९६२ पासूनची आणि पक्क्या टपाची, मागे काचेचा दरवाजा असलेली जीटी १९६५ पासूनची. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या बंपरविषयक नियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि गाडी थोडी उंच करावी लागली. त्यामुळे वळणावर ती जरा जास्त कलते. बाजारात सगळ्यात मागणी क्रोम रोडस्टरला आणि सगळ्यात कमी रबरी बंपरच्या जीटीला.

माझं स्पष्ट मत: पहिली गाडी रबरी बंपरची जीटीच घ्या. इंग्लंडच्या पावसात पक्का टप सुखाचा. मागच्या बाकावर लहान मूल किंवा आठवड्याची भाजी मावते. चालती, धडधाकट जीटी मी बघत होतो तेव्हा चार ते सात हजार पौंडांत दिसायची, आणि तशाच तब्येतीची क्रोम रोडस्टर बरीच वर. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. दिसण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे निरोगी पत्र्याला द्या.

‘ओव्हरड्राइव्ह’ असलेली गाडी मिळाली तर सोडू नका. गिअर चारच आहेत, मोटरवेवर ओव्हरड्राइव्ह पाचव्या गिअरचं काम करतो आणि कान शांत राहतात.

४. गंज: बाकी सगळं यानंतर

माझी पहिली गाडी लालभडक होती. नवा रंग, चकाकता क्रोम, आतलं कातडं नवं. मी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या, इंजिन ऐकलं, मामाची आठवण काढली आणि पैसे दिले. खाली एकदाही वाकलो नाही. आठ महिन्यांनी चाक बदलायला जॅक लावला, तर गाडी वर जायच्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. आत पत्रा नव्हताच. पुट्टी होती, जाळी होती आणि वरून रंग. दुरुस्तीचा अंदाज मिळाला तो गाडीच्या किमतीच्या दीडपट. ती गाडी मी सुटी करून विकली. मधल्या गाड्यांपैकी एक माझ्या हातून कमी झाली, ते मला अजून लागतं.

तेव्हा हा भाग सावकाश वाचा.

एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची चौकट हाच तिचा कणा, आणि त्या कण्याचा मुख्य भाग म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी, तिला इथे ‘सिल’ म्हणतात. तिच्यात बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालची ‘कॅसल रेल’ असे भाग असतात. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ आत जातं, बाहेर येत नाही, आणि पेटी आतून खात राहते. बाहेरचा पत्रा नवा बसवून रंग मारला की सहा महिने कुणाला कळत नाही.

तपासायचं कसं:

फ्रिजवरचं साधं चुंबक फडक्यात गुंडाळा आणि सिलवर, चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

मग चटई टाकून गाडीखाली बघा. कॅसल रेलची खालची कड सलग, सरळ दिसली पाहिजे. पत्र्यावर पत्रा ठिगळासारखा वेल्ड केलेला दिसला तर थांबा. खालच्या बाजूला जाड, काळा, नवाकोरा डांबरी लेप दिसला तर विक्रेत्याला विचारा, की लेप मारायच्या आधीचे फोटो आहेत का? प्रामाणिक माणसाकडे असतात. वेल्डिंगवर हजारो पौंड खर्च करणारा माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही.

सिलचं खरं काम झालंय का, ते ओळखायची एक खूण आहे. बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत जातो. तो नीट बदलायचा तर मडगार्डची खालची पट्टी कापून पुन्हा जोडावी लागते. ‘सिल नवे आहेत’ असं कुणी म्हटलं आणि तिथे कापल्या-जोडल्याची खूणच नसली, तर बहुतेक जुन्या कुजलेल्या सिलवर नवं झाकण चढवलंय.

शेवटची परीक्षा: विक्रेत्याची परवानगी घेऊन जॅक ठरलेल्या जागी लावा आणि एक बाजू उचला. दार उघडा, बंद करा. दार घासू लागलं, किंवा दार आणि मडगार्डमधली फट बदलली, तर कणा मोडलाय. रोडस्टरमध्ये हे लगेच दिसतं, कारण तिला वरून टपाचा आधार नाही. परवानगी नाकारली तर नमस्कार करून निघा.

याशिवाय सीटच्या मागे गालिचा उचला. तिथे बॅटरीची जागा असते. १९७४ च्या अखेरीपर्यंत सहा व्होल्टच्या दोन, नंतर बारा व्होल्टची एक. आम्ल सांडून ती पेटी कुजते. मागचे पाटे जिथे चौकटीला जोडलेत तो भाग टॉर्च मारून बघा. दाराच्या पत्र्यावर छोट्या तिकोनी काचेखाली एखादी चीर दिसेल, ती या गाडीची जुनी खोड आहे. तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, किंमत कमी करायला मात्र वापरा.

पूर्ण नवा पत्र्याचा सांगाडा आजही मिळतो. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ तो मूळ साच्यांवर बनवते. पण त्याची किंमत दहा हजार पौंडांच्या वर जाते, आणि रंग, जोडणी वेगळी. ज्या गाडीवर हा खर्च आधीच झालाय आणि फोटो आहेत, ती महाग वाटली तरी स्वस्त असते.

५. इंजिन आणि बाकीचं

इथे फार घाबरू नका. इंजिन बिघडलेलं दुरुस्त होतं आणि सुटा भाग जवळजवळ प्रत्येक मिळतो. मी म्हणेन, उत्तम पत्रा आणि थकलेलं इंजिन घ्या, उलटं कधीही घेऊ नका.

विक्रेत्याला आधी सांगून ठेवा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन चोक ओढून कसं उठतं, ते बघायचंय. गरम झाल्यावर ताशी पन्नास मैलांवर ऑइलचा दाब ५० पीएसआयच्या आसपास किंवा वर हवा. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा, दुधाळ चिकटा असेल तर हेड गॅसकेट (इंजिनाच्या हेडखालची सील) गेल्याचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. टॅपेटची हलकी टकटक चांगली, पूर्ण मुके टॅपेट बहुतेकदा जास्त आवळलेले असतात. आमच्या मामाचं हे वाक्य इथल्या मिस्त्रींकडूनही मी जसंच्या तसं ऐकलंय.

दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना खरखर होते का बघा, तो आधी झिजतो. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खरखर न होता पडायची सोय) नसायचाच, ते दोष म्हणून धरू नका. त्याच जुन्या गाड्यांमध्ये वायरिंग उलटं, म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. तिथे आजकालचा रेडिओ किंवा चार्जर न बघता जोडलात तर जळेल.

६. कागद

विक्रेत्याकडे हे मागा:

- व्ही५सी, म्हणजे नोंदणीपत्र. त्यावरचा चॅसिस नंबर बोनेटखालच्या पट्टीशी स्वतः जुळवा. हा कागद मालकीचा पुरावा नाही, तसं त्यावरच छापलेलं असतं. म्हणून विक्रीची सही केलेली पावती वेगळी घ्या.
- जुन्या एमओटीचे (गाडी रस्त्यालायक आहे का, या वार्षिक तपासणीचे) दाखले आणि दुरुस्तीची बिलं. बिलांचा जाडजूड गठ्ठा हा चांगल्या मालकाचा खरा दाखला.
- वेल्डिंगच्या वेळचे फोटो.
- असल्यास हेरिटेज सर्टिफिकेट. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळतं. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, हे त्यात असतं.

तुम्ही स्वतः करायचं: नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट बघा. मैलांचे आकडे आणि ‘करोजन’ हा शब्द शोधा. मैलमापक पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा ‘फक्त ३१,००० मैल’ ऐकून हुरळू नका. गाडीवर कर्ज आहे का, याची सशुल्क तपासणी करा. कर्ज बाकी असेल तर कर्ज देणारी कंपनी गाडीवर हक्क सांगू शकते.

आता सगळ्यात मोठा सापळा. मे २०१८ पासून, मोठे बदल न केलेल्या ४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वार्षिक एमओटी सक्तीची नाही. म्हणजे आज जवळजवळ सगळ्याच एमजीबी त्यातून सुटल्या आहेत. कित्येक गाड्या तेव्हापासून कुणी तपासलेल्याच नाहीत. सक्ती नसली तरी तपासणी करून घेता येते, आणि फीची कमाल मर्यादा ५४.८५ पौंड आहे. विक्रेत्याला म्हणा, फी मी देतो, आपण एमओटी करून घेऊ. मी दुसरी गाडी अशीच घेतली. मालक, वयस्क गृहस्थ, लगेच तयार झाले आणि स्वतः गाडी घेऊन आले. त्या हो म्हणण्यातच मला निम्मं उत्तर मिळालं.

७. पैसे देण्याचा दिवस

न बघता बयाणा देऊ नका, कुणी कितीही ‘दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय’ म्हणालं तरी. पैसे त्याच्या दारात उभं राहून बँकेतून पाठवा.

व्ही५सीची हिरवी चिठ्ठी तुमच्याकडे राहते. विक्रेता नाव बदलल्याचं डीव्हीएलएला (इथल्या आरटीओला) ऑनलाइन कळवतो, नवं पत्र तुमच्या पत्त्यावर येतं. रोड टॅक्स गाडीसोबत येत नाही. ‘हिस्टॉरिक’, म्हणजे चाळिशी उलटलेल्या गाड्यांच्या वर्गात टॅक्स शून्य आहे, तरी तो तुमच्या नावाने भरल्याची नोंद करावीच लागते. हिरव्या चिठ्ठीवरचा १२ आकडी क्रमांक वापरून फोनवरून ते दहा मिनिटांत होतं. गाडी अजून त्या वर्गात नोंदलेली नसेल तर मात्र पोस्ट ऑफिसात जावं लागतं. विमा आणि टॅक्स दोन्ही झाल्याशिवाय रस्त्यावर चाक टेकवू नका. दुरुस्तीसाठी गाडी उभी ठेवणार असाल तर ‘सॉर्न’, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएकडे, जाहीर करा, नाहीतर घरात उभ्या गाडीलाही दंड येतो.

लंडनमध्ये राहणाऱ्यांना दिलासा: ‘हिस्टॉरिक’ वर्गातल्या गाडीला यूलेझचा (शहरातल्या प्रदूषणमर्यादा क्षेत्राचा) दिवसाचा १२.५० पौंडांचा आकार लागत नाही.

८. पेट्रोल, मीठ आणि ग्रीस

सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्याने कडक होऊन चिरतात आणि टाकीत ओलावा धरतो. एमजीबीत ई५, म्हणजे पंपावरचं ‘सुपर’ भरा. तरीही सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आर९ दर्जाच्या घालून घ्या. गरम इंजिनाजवळ चिरलेली नळी म्हणजे आग. गावी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर जपून ठेवलेल्यांनीही हे करावं, तिकडे तर आता २० टक्के इथेनॉल आहे.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या दिवसांत गाडी आत ठेवा, आणि चालवलीच तर त्याच संध्याकाळी खालून भरपूर पाण्याने धुवा. सिलच्या पोकळीत मेण फवारून घ्या. पुढच्या किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना) ग्रीस निपल आहेत, दर ३,००० मैलांना ग्रीस द्या. बरेच मालक हे विसरतात आणि मग स्टिअरिंग जड झालं म्हणून भलतेच भाग बदलतात.

हत्यारं: चांगला जॅक आणि दोन घोडे (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), ग्रीस गन, टाइमिंग लाइट (ठिणगीची वेळ बघायचा दिवा). पाने इंची लागतात. मिलिमीटरचा पाना जवळजवळ बसतो आणि नटाचे कोपरे खातो. आपल्याकडच्या भाषेत साडेतीन, चार आणि साडेचार सुताचे पाने घेतलेत तर निम्मी गाडी खुलते. टॅपेटची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश.

९. एवढं जमणार नसेल तर

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ बघा. १९८९ ते १९९७ ची, डोळे मिटणाऱ्या हेडलाइटची. कार्ब्युरेटर नाही, चोक नाही, सकाळी किल्ली फिरवली की निघते. पण हिलाही गंज तसाच खातो, जागा तेवढी वेगळी: मागच्या चाकाच्या पुढचा सिल. कापडी टपाचं पाणी सीटमागच्या दोन छिद्रांतून खाली जातं. ती पानं-मातीने तुंबली की पाणी सिलमध्ये साठतं. गाडी बघायला जाताना छोटी पाण्याची बाटली न्या, विक्रेत्याला विचारून त्या छिद्रांत थोडं पाणी ओता आणि खाली टपकतंय का बघा. एमओटी आणि टॅक्स हिला लागतात, लंडनमध्ये यूलेझ लागेल का ते नंबर टाकून आधी बघून घ्या. या गाड्या आत्ता त्याच वाटेवर आहेत, जिथे एमजीबी काही वर्षांपूर्वी होती. चांगली दिसली तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

गाडी बघायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. हिवाळा कुठे काढायचा या विचारात लोक विकायला काढतात, वसंतात भाव चढतो. कोरड्या दिवशी आणि उजेडात जा, ओल्या पत्र्यावर प्रत्येक रंग छान दिसतो. आणि एकटे जाऊ नका. एकाने विक्रेत्याशी बोलावं, दुसऱ्याने खाली झोपावं. रीडिंग-ॲबिंग्डनच्या आसपास जाणार असाल तर मला न्या. चटई, चुंबक आणि टॉर्च माझ्या डिकीत कायम असतात.